रेकॉर्डवरचं चौथं नाव: जेरी लीबर आणि माइक स्टोलर



लोकप्रिय संगीताच्या इतिहासावरच्या या मालिकेत आपण आतापर्यंत बहुतेक वेळा गाणाऱ्यांबद्दल बोललो. आजचे दोघे गाणारे नाहीत. त्यांचे चेहरे कोणाला आठवत नाहीत, नावंही पटकन ओठावर येत नाहीत. पण एल्व्हिस प्रेस्लीचं 'हाउंड डॉग', 'जेलहाउस रॉक', बेन ई. किंगचं 'स्टँड बाय मी' यांपैकी एक तरी गाणं तुमच्या कानावरून गेलंच असणार. या सगळ्यांमागे जेरी लीबर आणि माइक स्टोलर ही जोडी आहे. लीबर शब्द लिहायचा, स्टोलर चाल बांधायचा.

पण आज मला नुसती गाण्यांची यादी वाचायची नाही. प्रश्न असा आहे की रेकॉर्ड कोणाची असते? १९५० साली रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर साधारण तीन नावं छापली जायची: कंपनीचं, गाणाऱ्याचं आणि कंसात गीतकार-संगीतकारांचं. स्टुडिओत उभं राहून 'हे असं वाजवा, तो सूर खाली घ्या, पुन्हा एकदा करू' असं म्हणणाऱ्या माणसाचं नाव तिथे नसायचं. तो कंपनीचा पगारी नोकर असायचा. त्या चौथ्या नावाला जागा आणि पैसा मिळवून देण्यात या जोडीचा मोठा वाटा आहे. आणि ते मिळवताना कोणाला काय मिळालं नाही, हेही आपल्याला बघायचंय.

दोघंही १९३३ सालचे. स्टोलर मार्चमधला, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला. लीबर एप्रिलमधला, बाल्टिमोरचा. दोघंही ज्यू घरांतले. लीबर लहान असतानाच वडील गेले. आई किराणा दुकान चालवायची, आणि ते दुकान कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून होतं. त्या काळात गोरे दुकानदार या गिऱ्हाइकांना उधार द्यायला तयार नसत, ही बाई द्यायची. पोरगं रॉकेल आणि कोळसा पोचवायला त्यांच्या घरोघरी जायचं. तिथे रेडिओवर जे लागलेलं असे, ते त्याच्या कानात बसलं. तिकडे स्टोलर लहानपणी एका उन्हाळी शिबिरात गेला, जिथे गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एकत्र राहत. त्या काळात ही गोष्ट दुर्मीळ. तिथे त्यानं एका कृष्णवर्णीय मुलाला पियानोवर बूगी-वूगी वाजवताना ऐकलं आणि तो वेडा झाला. पुढे त्यानं थेट जेम्स पी. जॉन्सनकडे काही धडे घेतले. जॉन्सन म्हणजे हार्लेममधल्या पियानोवादकांच्या पिढीचा मोठा माणूस.

दोन्ही कुटुंबं पुढे लॉस एंजेलिसला आली आणि १९५० साली या दोघांची गाठ पडली. वय सतरा. लीबर शाळा सुटल्यावर रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा आणि वहीत गाणी लिहायचा. कोणीतरी स्टोलरचं नाव सुचवलं म्हणून त्यानं फोन केला. स्टोलरला उत्साह नव्हता. त्याला जॅझ आवडायचं, बार्टोक आवडायचा. गाणी म्हणजे फालतू प्रकार, असं त्याचं मत. पण वही उघडल्यावर त्याला दिसलं की एक ओळ आहे, तिच्याखाली तीच ओळ पुन्हा आहे, आणि मग यमक साधणारी तिसरी ओळ. म्हणजे हे बारा मात्राखंडांचे ब्लूज आहेत! ब्लूजची रचनाच अशी असते: एक गोष्ट सांगायची, तीच पुन्हा सांगायची आणि तिसऱ्यांदा तिचा उलगडा करायचा. स्टोलर म्हणाला, हे असेल तर मी आहे. ही भागीदारी पुढे २०११ साली लीबरच्या मृत्यूपर्यंत टिकली. एकसष्ट वर्षं!

आता थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. अमेरिकेतला बाजार तेव्हा रंगानुसार वाटलेला होता. कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या रेकॉर्डना सरळ 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत. १९४९ साली 'बिलबोर्ड' साप्ताहिकानं आपल्या यादीचं ते नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. हा शब्द सुचवणारा तिथला पत्रकार म्हणजे जेरी वेक्सलर. हे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे. सांगायचा मुद्दा असा की ही दोन गोरी पोरं शिरली ती या यादीत. चार्ल्स ब्राउन, जिमी विदरस्पून, लिटल विली लिटलफील्ड अशा गायकांसाठी ती लिहीत होती. लिटलफील्डसाठी १९५२ मध्ये लिहिलेलं कॅन्सस सिटीबद्दलचं गाणं सात वर्षांनी विल्बर्ट हॅरिसननं गायलं आणि ते देशभरात पहिल्या क्रमांकावर गेलं.

त्याच १९५२ च्या ऑगस्टमध्ये ते घडलं, ज्याच्यावर आजही वाद होतात. लॉस एंजेलिसमध्ये जॉनी ओटिस नावाचा वाद्यवृंदप्रमुख होता. हा माणूसही विलक्षण. मूळचा ग्रीक कुटुंबातला, पण आयुष्यभर कृष्णवर्णीय समाजात, त्यांच्यातलाच एक होऊन राहिला. त्यानं दोघांना बोलावलं: माझ्याकडे एक गायिका आहे, तिच्यासाठी गाणं हवंय. ती विली मे थॉर्नटन. अलाबामातल्या पाद्र्याची मुलगी, धिप्पाड बांधा, पुरुषी पोशाख आणि छप्पर हादरवणारा आवाज. सगळे तिला 'बिग ममा' म्हणत. पोरांनी तिला ऐकलं, घरी गेले आणि पंधराएक मिनिटांत 'हाउंड डॉग' लिहून परत आले.

गाणं कशाबद्दल आहे? ते कुत्र्याबद्दल नाही. ते आहे फुकट खायला आलेल्या पुरुषाला दाराबाहेर काढणाऱ्या बाईचं. थॉर्नटननं ते आधी हळुवार, गोड करून म्हटलं. लीबर म्हणाला, असं नाही. आता विचार करा, एकोणीस वर्षांचं गोरं पोरगं बिग ममा थॉर्नटनला ब्लूज कसे गायचे ते सांगतंय! तिनं त्याची चांगलीच हजेरी घेतली. शेवटी त्यानं स्वतः म्हणून दाखवलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी अजून एक गोष्ट झाली. तालीम करताना ड्रम ओटिस वाजवत होता. स्टुडिओत दुसरा वादक बसला आणि ती लय येईना. लीबरनं ओटिसला सांगितलं की ड्रमवर तूच बस. ओटिस म्हणाला, मग काचेपलीकडे कोण बघणार? उत्तर आलं: आम्ही बघतो. त्या क्षणी हे दोघं, त्या शब्दाला आज जो अर्थ आहे त्या अर्थानं, निर्माते झाले. पदवी नव्हती, करार नव्हता, काम मात्र तेच होतं.

इथे एक खुलासा करतो. 'निर्माता' म्हटलं की आपल्याला सिनेमाचा निर्माता आठवतो, पैसे घालणारा. रेकॉर्डच्या जगात तसं नाही. इथला निर्माता सिनेमातल्या दिग्दर्शकासारखा. कोणतं गाणं, कोण गाणार, कोणती वाद्यं, कितवा टेक ठेवायचा, हे तो ठरवतो.

१९५३ मध्ये ती रेकॉर्ड आली. रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर. आणि पैसा? थॉर्नटन पुढे सांगायची की तिला ५०० डॉलरचा एक चेक मिळाला, बाकी काही नाही. लीबर-स्टोलरना १,२०० डॉलरचा चेक मिळाला, तो वटलाच नाही. ओटिसनं सहलेखक म्हणून आपलं नाव घातलं होतं. त्याचा दावा १९५७ साली न्यायालयानं फेटाळला. म्हणजे फसवणूक सगळ्यांचीच झाली, असं वाटेल. पण इथे एक फरक आहे. गाणं लिहिणाऱ्याचा कायद्यानं मालकीहक्क असतो. कोणीही पुन्हा गायलं की त्याला पैसे मिळतात. ज्या आवाजानं त्या गाण्याला जीव दिला, त्या आवाजाला मात्र दुसऱ्या कोणी गायल्यावर काहीही मिळत नाही. पुढे घडलेलं सगळं या एका फरकातून समजतं.

१९५६ सालचा जुलै. स्टोलर आणि त्याची पत्नी युरोप फिरून 'आंद्रेया दोरिया' या इटालियन जहाजानं परत येत होते. २५ तारखेच्या रात्री धुक्यात 'स्टॉकहोम' नावाचं जहाज त्यावर आदळलं. 'आंद्रेया दोरिया' बुडालं. दोन्ही जहाजांवरची मिळून ५१ माणसं गेली. हे दोघं होडीत उतरले आणि एका मालवाहू जहाजानं त्यांना न्यूयॉर्कला आणलं. धक्क्यावर लीबर उभा. आणि तो सांगतो काय, तर आपलं 'हाउंड डॉग' जोरात चाललंय! थॉर्नटनचं? नाही, एल्व्हिस प्रेस्ली नावाच्या कोणा गोऱ्या मुलाचं. स्टोलरनं हे नावही ऐकलेलं नव्हतं.

एल्व्हिसनं ते गाणं लास व्हेगासमधल्या एका वाद्यवृंदाकडून उचललं होतं, आणि त्या लोकांनी शब्द बदलले होते. बाईनं पुरुषाला हाकलण्याचा मूळ मुद्दाच गेला. मध्येच ससा वगैरे आला. लीबरला ते अजिबात आवडलं नाही, हे त्यानं आयुष्यभर सांगितलं. पण ती रेकॉर्ड पॉप, कंट्री आणि रिदम अँड ब्लूज या तिन्ही याद्यांच्या शिखरावर गेली. पॉपमध्ये तर, पलीकडच्या बाजूच्या गाण्यासह, अकरा आठवडे. लेखक म्हणून या दोघांना पैसे आले. थॉर्नटनला आले नाहीत.

दरम्यान यांनी काय केलं होतं? लेस्टर सिल या अनुभवी विक्रेत्याला बरोबर घेऊन 'स्पार्क' ही स्वतःची छोटी कंपनी काढली होती. का? कारण आपलं गाणं आपल्या मनासारखं रेकॉर्ड व्हावं. 'रॉबिन्स' या गटाकडून त्यांनी तुरुंगातल्या दंग्यावर एक रेकॉर्ड केली. सुरुवातीलाच भोंगा आणि बंदुकीचे आवाज. ते तीन मिनिटांचं नभोनाट्यच होतं. पण छोट्या कंपनीला देशभर माल पोचवणं जमत नव्हतं. न्यूयॉर्कच्या 'अटलांटिक रेकॉर्ड्स'नं ते ओळखलं. तिथे होते अहमेत आणि नेसुही एर्तेगुन हे तुर्की राजदूताचे मुलगे, आणि मघाशी सांगितलेला जेरी वेक्सलर. १९५५ मध्ये अटलांटिकनं स्पार्क विकत घेतली आणि या दोघांशी करार केला. हा करार महत्त्वाचा आहे. नोकरी नाही. तुम्ही बाहेरचे राहा, रेकॉर्ड बनवून आम्हाला द्या, खपेल त्यावर तुम्हाला वाटा. दुसऱ्या कंपन्यांसाठीही काम करायला मोकळे. स्वतंत्र निर्मात्याबरोबरच्या अगदी पहिल्या करारांपैकी हा एक. लेबलवर नाव छापायला मात्र कंपनी सहज तयार झाली नाही. पैसे दिले ना, मग नाव कशाला, असा तो सूर. त्यासाठी भांडावं लागलं.

आता त्यांच्या कामाची पद्धत बघू. ते म्हणायचे की आम्ही गाणी लिहीत नाही, रेकॉर्ड लिहितो. याचा अर्थ 'कोस्टर्स' या गटाच्या रेकॉर्ड ऐकल्यावर कळतो. हा रॉबिन्समधल्याच दोघांना घेऊन उभा केलेला नवा गट. १९५८ चं 'याकिटी याक' घ्या. आईबाप पोराला कामं सांगतायत, केर काढ, कपडे धू, नाहीतर खाऊचे पैसे बंद. पोरगं कुरकुरतंय. प्रत्येक आवाजाला पात्र ठरलेलं, जाड आवाजाच्या गायकाला हुकूम ठरलेला, आणि मध्ये किंग कर्टिसचा सॅक्सोफोन, जणू तोही वाद घालतोय. हे कागदावर नुसतं गाणं म्हणून फारसं काही नाही. ते विनोदी नाटुकलं आहे आणि त्याची वेळ सेकंदात मोजलेली आहे. ध्वनिमुद्रक होता टॉम डाउड. हा तरुणपणी अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेला माणूस! त्याच्याकडे आठ ट्रॅकचं यंत्र तेव्हा आलं, जेव्हा बहुतेक स्टुडिओंत दोन-तीन ट्रॅकवर भागवत होते. एका टेकमधला एखादा शब्द कापून दुसऱ्यात जोडायचा, असं बारीक काम चालायचं. 'याकिटी याक' देशात पहिलं आलं.

एल्व्हिससाठीही काम चालू होतं. १९५७ मध्ये 'जेलहाउस रॉक' चित्रपटाची गाणी हवी होती आणि हे दोघं न्यूयॉर्कमध्ये भटकत होते. शेवटी संगीत प्रकाशकानं हॉटेलच्या खोलीच्या दाराला सोफा लावला आणि त्यावर पडून राहिला: गाणी झाल्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही. त्या दुपारी चार गाणी झाली. एल्व्हिसबद्दल त्यांचं मत भेटीनंतर बदललं. त्याला ब्लूजची खरी जाण आहे, हे त्यांना दिसलं. पण त्याचा व्यवस्थापक कर्नल पार्कर यानं एकदा कोरा कागद पाठवला, खाली फक्त सहीची जागा. सही करा, मजकूर नंतर भरू. त्यांनी सही केली नाही आणि तो रस्ता संपला.

१९५९ ची 'ड्रिफ्टर्स'ची कथा तर आपल्या विषयाच्या मुळाशी जाते. या गटाचं नाव व्यवस्थापकाच्या मालकीचं होतं. त्यानं जुने गायक काढून टाकले आणि दुसराच एक गट आणून त्याला तेच नाव दिलं. गायक पगारावर, नाव मालकाचं. त्या नव्या पोरांतला एक बेन ई. किंग. 'देअर गोज माय बेबी' या गाण्यात लीबर-स्टोलरनी व्हायोलिनांचा ताफा आणला, ब्राझीलच्या बाइयाँव नृत्याची लय घातली आणि वर टिंपनी हा मोठा नगारा, तोही नीट सुरात नसलेला. वेक्सलरनं ते ऐकलं आणि तो भडकला. रेडिओवर दोन स्टेशनं एकदम लागल्यासारखं वाटतंय, अशी त्याची तक्रार. रेकॉर्ड काही काळ पडून राहिली. बाहेर आली ती दुसऱ्या क्रमांकावर गेली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांतल्या सोल संगीतानं व्हायोलिनं आपलीशी केली. 'स्टँड बाय मी' हे १९६१ चं. किंगनं आणलेल्या कल्पनेवर तिघांनी मिळून केलेलं. सुरुवातीची ती बेसची चाल स्टोलरची. लेबलवर किंगबरोबर 'एल्मो ग्लिक' असं नाव दिसतं. असा कोणी माणूस नव्हता. ते या दोघांचं टोपणनाव. पण किंगचं नाव लेखक म्हणून तिथे होतं, ही लहान गोष्ट नाही. १९८६ मध्ये त्याच नावाच्या चित्रपटामुळे गाणं पुन्हा गाजलं, तेव्हा त्याचा फायदा किंगलाही झाला. थॉर्नटनच्या बाबतीत जे झालं नाही, ते इथे झालं.

मग अटलांटिकशी बिनसलं. हिशेबनिसाच्या आग्रहावरून यांनी कंपनीच्या वह्या तपासून घेतल्या. सुमारे १८,००० डॉलर कमी दिलेले निघाले. कंपनीचं म्हणणं असं की हवे तर पैसे घ्या, पण मग आपले संबंध संपले. यांनी पैशावर पाणी सोडलं, तरीही काम हळूहळू दुसऱ्यांकडे गेलं. त्यात त्यांच्याच हाताखाली शिकलेला फिल स्पेक्टरही होता. बघा, ज्या कराराचं आपण कौतुक केलं, त्याचं बळ एवढंच होतं. खप मोजणारा माणूस कंपनीचा होता.

१९६४ मध्ये त्यांनी 'रेड बर्ड' काढली, जॉर्ज गोल्डनर या मुरलेल्या विक्रेत्याबरोबर. पहिलीच रेकॉर्ड, डिक्सी कप्सचं 'चॅपल ऑफ लव्ह', पहिल्या क्रमांकावर. त्याच वर्षी शांग्रिलाजचं 'लीडर ऑफ द पॅक', तेही पहिलं. बीटल्सची लाट आलेली असताना हे झालं! पण गोल्डनरला जुगाराचं व्यसन होतं आणि त्याच्या कर्जामागून गुंड मंडळी कचेरीत दिसू लागली. १९६६ मध्ये या दोघांनी आपला हिस्सा गोल्डनरला एका डॉलरला देऊन टाकला. होय, एक डॉलर.

त्यानंतर काळ बदलला. बीटल्स, डिलन यांच्यानंतर स्वतःची गाणी स्वतः लिहिणं हीच खरेपणाची खूण ठरली. दुसऱ्यासाठी लिहिणारे मागे पडले. तरी १९६९ मध्ये पेगी ली हिच्या आवाजात त्यांनी 'इज दॅट ऑल देअर इज?' केलं, थॉमस मानच्या एका कथेवरून. 'याकिटी याक' लिहिणाऱ्यांचं हे आयुष्याच्या पोकळपणावरचं गाणं. लीला त्यासाठी ग्रॅमी मिळालं.

आता मूळ प्रश्नाकडे. या दोघांनी कृष्णवर्णीयांचं संगीत लुटलं का? माझं उत्तर सरळ 'हो' नाही. ते त्या संगीतात वाढले, त्यांनी जुन्या गाण्यांवर आपली नावं चिकटवली नाहीत, नवी लिहिली. ज्या गायकांसाठी लिहिली, त्यांना त्यातली बहुतेक आपलीच वाटली. पण उत्तर सरळ 'नाही' असंही नाही. कायदा लेखकाचं ऐकतो, गळ्याचं ऐकत नाही. आणि त्या काळात लेखनाचे हक्क कोणाच्या हाती टिकतात आणि गळा कोणाचा फुकट जातो, हे बऱ्याचदा रंगावर ठरायचं. थॉर्नटन १९८४ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या भाड्याच्या खोल्यांच्या एका घरात गेली. तीन वर्षांनी, १९८७ मध्ये, लीबर-स्टोलर रॉक अँड रोलच्या हॉल ऑफ फेममध्ये आले. तिचं नाव तिथे लागायला २०२४ साल उजाडलं.

हे ऐकून आपल्याला अमेरिकेकडे बोट दाखवून मोकळं होता येणार नाही. १९५७ मध्ये सी. रामचंद्रांनी 'ईना मीना डीका' केलं, तेव्हा रॉक अँड रोल मुंबईच्या स्टुडिओंत पोचलेलं होतं. त्या स्टुडिओंत वाद्यमेळ लिहिणारे, वाजवणारे कितीतरी गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. संगीतकाराचं नाव मोठ्या अक्षरात यायचं, यांची नावं रेकॉर्डवर सहसा नसायची. लीबर-स्टोलरनी ज्या चौथ्या नावासाठी भांडण केलं, ते भांडण आपल्याकडे त्या काळात फारसं झालंच नाही.

तेव्हा यापुढे एखादं जुनं गाणं ऐकाल, तेव्हा गायक कोण एवढ्यावर थांबू नका. लिहिलं कोणी, वाजवलं कोणी, काचेपलीकडे कोण बसलं होतं, हे विचारा. आणि शेवटी चेक कोणाला मिळाला, हेही.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.